आदिमायेचा डावा कान

कुंदा जोगळे यांनी पदर कमरेला खोचला, ढोलकीवाल्याला हाताने थांबवलं आणि माइकच्या इतक्या जवळ गेल्या, की पुढचे शब्द गावाबाहेर चरणाऱ्या म्हशींनीही ऐकले असावेत.

"धरा नव्हती, नभ नव्हतं, नव्हता वारा-पाणी
सांगा शाहीर, कुणी गाइली पहिली तेव्हा गाणी?
गाणारीचं नाव सांगाल, त्यात कसली हो कमाल?
ऐकत होतं कोण समोर, हाच माझा सवाल!"

देवखोलच्या नाच्यांनी एकदम पाय आपटले. घुंगरं वाजली आणि थांबली. माझे मामा, कोंडशेतचे शाहीर सोनू पाष्टे, शाळेच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसून विडी ओढत होते. ती हातातच विझली.

"हा सवाल बाडात नाय," मामा म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी उभा होतो. मामांचा चेहरा मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता, आणि त्या क्षणी पाहायलाच नको होता असं वाटलं.

ज्यांनी शक्ती-तुऱ्याचा सामना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात दोन पार्ट्या असतात. शक्तीवाल्यांचं म्हणणं, जग बाईने निर्माण केलं. तुरेवाल्यांचं म्हणणं, पुरुषाने. हा वाद कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे आणि तो गाऊनच सोडवायचा असतो, त्यामुळे सुटत नाही. कोंडशेत शक्तीवालं. म्हणजे आमच्या गावचे सोळा पुरुष कमरेला शेले बांधून, नरड्याच्या शिरा ताणून सांगायचे की बाई श्रेष्ठ, आणि त्या वेळी बायका त्यांच्यासाठी भाकऱ्या थापत असायच्या. देवखोल तुरेवालं. तिथले शाहीर तात्या जोगळे वारले तेव्हा गळा फक्त त्यांच्या मुलीकडे उरला होता. त्यामुळे पुरुष श्रेष्ठ आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी कुंदाताईंवर आली. त्या ती चोख पार पाडत. तीन वर्षांत चार पुरुषांना हरवून त्यांनी पुरुषाचं श्रेष्ठत्व सिद्ध केलं होतं.

सामना दुपारी तीनला होता, कारण रात्री भारनियमन असायचं आणि माइकशिवाय गाणारी पिढी संपली होती. मे महिना. मंडप शाळेच्या पटांगणात.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. एम.ए. मराठी, तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे तास असेल तर प्राध्यापक आणि नसेल तर बेकार. शिवाय मी एक अद्भुतरम्य महाकादंबरी लिहीत होतो. त्या काळी फुटपाथवर जाडजूड इंग्रजी पुस्तकं मिळायची, ज्यांत पहिल्या पानावर नकाशा असतो, देव गातात आणि गाण्यातून डोंगर उगवतात. ती वाचून मी इतका भारावलो होतो, की मामांच्या घरात पाच पिढ्या हेच चाललंय, फक्त सुरुवातीला नकाशा नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्या कादंबरीतही एक देवी गाऊन जग निर्माण करत होती. चार वर्षं झाली होती. सतराव्या प्रकरणापर्यंत ती गातच होती. जग निर्माण होऊन संपेना आणि कथानक सुरू होईना.

मामांना मी कॉलेजात शिकवतो एवढंच माहीत होतं. म्हणून त्या वर्षी त्यांनी मला पार्टीचा कवी नेमलं होतं. कवीचं काम काही नव्हतं, कारण सगळं बाडात होतं.

बाड म्हणजे गुरूच्या गुरूपासून आलेली हाताने लिहिलेली वही. तिच्यात दोनशे बारा सवाल आणि त्यांचे दोनशे बारा जबाब. देवखोलच्या बाडातही हेच दोनशे बारा. दोन्ही गावांना सगळे सवाल-जबाब पाठ होते, तरी तीन पिढ्या लोक डोळे विस्फारून ऐकत, जणू पेपर फुटलेलाच नाही. कुंदाताईंनी अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न विचारला होता.

"चल वर्गात," मामा म्हणाले. "तासभर हाय आपल्याला."

सवाल टाकणाऱ्याची बारी पुढे तासभर चालते. तेवढ्यात समोरच्याने जबाब तयार करायचा. विचारणाऱ्याने स्वतःचं उत्तर आधीच बंद पाकिटात घालून पंचांकडे दिलेलं असतं. आणि जबाब नुसता गाऊन भागत नाही. कोणत्या ग्रंथात आहे तो आधार सांगावा लागतो, मागितला तर ग्रंथ दाखवावा लागतो. जबाब चुकला किंवा आधार निघाला नाही, तर हरलेल्याचा डफ समोरच्या गावाच्या देवळात, तोंड भिंतीकडे करून, वर्षभर टांगायचा. त्या वर्षात त्या शाहिराने कुठेही गायचं नाही. कोंडशेत आणि देवखोलमधला हा जुना करार होता. दोन्ही गावांत पाण्याचे, बांधाचे, गुरांचे अनेक करार मोडले होते. हा एक मोडला नव्हता.

मामा चौसष्ट वर्षांचे होते. छातीत दमा होता.

चौथीच्या वर्गात ते एका बुटक्या बाकावर बसले. मागे भिंतीवर पाळीव प्राण्यांचा तक्ता होता. गाय, म्हैस, शेळी आणि खाली मामा.

"पैलं गाणं कुणी गायलं ते सोपं हाय," ते म्हणाले. "आदिमायेनं. पण ऐकत होतं कोण? कोणतरी होतं म्हटलं, तर तो तिच्या आदीपासून बसलेला. म्हंजे पुरुष आदी. आपण मेलो."

"आणि कोणीच ऐकत नव्हतं म्हटलं तर?"

"मग ते गाणं कसलं? कोण ऐकत नसताना करतात त्याला रियाज म्हनतात."

त्यांनी बाड उघडलं, चष्मा लावला, चष्मा काढला, बाड मिटलं. बाहेर कुंदाताई गवळण गात होत्या. आवाज असा, की मीही क्षणभर पुरुष श्रेष्ठ आहे असं मानायला तयार झालो.

"दिगू," मामा म्हणाले, "एक वर्स गप बसलो ना, तर परत उघडायचं नाय हे तोंड. माजं मना कळतं."

एम.ए.ला अशा प्रसंगी काय बोलावं यावर पेपर नव्हता.

तेवढ्यात मामी किटली घेऊन आत आल्या. मामींच्या डाव्या कानात कापसाचा बोळा होता. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून होता. डावाच, कारण मामा डावीकडच्या पडवीत बसून रियाज करत आणि चूल उजवीकडे होती. कानाला काही झालेलं नव्हतं.

"तोंडं कशाला पाडलीत?" मामींनी विचारलं.

"आदिमाया गात होती तवा ऐकत कोण होतं, सांग," मामा म्हणाले.

"मना काय ठावं? गाणारणीला विचारा."

"थट्टा नको गो. डफ जाईल."

मामींनी कप भरले. "तुमचं गाणं ऐकायचं तर माणसानं कान काढून समोर ठेवावा नि कामाला लागावं. ऐकायचं ते तो ऐकील. भाकऱ्या तर होतील." आणि कप उचलायला मागाहून येते असं सांगून त्या निघून गेल्या.

मी फळ्याकडे गेलो. फळ्यावर 'आजचा सुविचार' लिहिलेला होता. तो पुसला आणि खडूने चार ओळी लिहिल्या. दहा मिनिटं लागली. चार वर्षांत माझ्याकडून इतक्या वेगाने काहीही लिहून झालं नव्हतं.

मामांनी चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"हे कशात हाय?"

"आदिनाद पुराणात."

"कवा वाचलंस?"

"आत्ताच."

मामांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. आयुष्यभर ग्रंथाला हात जोडून गाणारा माणूस तो.

"अध्याय?"

"सतरा."

"ओवी?"

"त्रेचाळीस."

"त्रेचाळीस बरं हाय," मामा उठत म्हणाले. "चाळीस म्हनाला असतास तर संशय आला असता."

आमची बारी सुरू झाली. मामांनी डफ छातीशी धरला, गण गायला, आणि मग आमच्या नाच्यांनी गोल धरल्यावर जबाब टाकला.

"एकली बसली आदिमाया, करमेना तिज काही
गुणगुणली ती, पण दाद द्यायला शेजारपाजार नाही
डावा कान मग उपटुनि आपला ठेविला समोर, बाई
तोच तुमचा आदिपुरुष हो, दुसरं त्याला काम नाही!"

आधी बायकांच्या बाजूने एक फिस्स झालं. मग दोन. मग सगळी बाजू हसायला लागली, आणि ते हसणं शाहिराला दाद देण्याचं नव्हतं, फार जुना हिशेब चुकता झाल्याचं होतं. पुरुषांनी जरा उशिरा टाळ्या वाजवल्या. काही जणांनी नकळत स्वतःच्या कानाला हात लावला.

मामांनी ओळी तीनदा घोळवल्या. तिसऱ्यांदा दम लागला आणि शेवटची ओळ नाच्यांनीच उचलली.

कुंदाताई मंचावर आल्या. त्या हसत नव्हत्या.

"जबाब झ्याक," त्या म्हणाल्या. "आधार?"

"आदिनाद पुराण!" मामा गरजले. "अध्याय सतरा! ओवी त्रेचाळीस!"

मंडपातल्या म्हाताऱ्यांनी आदिनाद पुराणाला हात जोडले. पंच होते निवृत्त पोस्टमास्तर बारगोडे; ते नोंदवहीत सगळं लिहून घेत. त्यांनी विचारलं, "आदिनाद एक शब्द का दोन?" मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी एक बोट वर केलं.

"ग्रंथ बघायचाय," कुंदाताई म्हणाल्या.

मामा म्हणाले, "आणतो आमचा कवी," आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू आदिनाद पुराण माझ्या खांद्यावरच्या शबनममध्येच आहे.

शबनममध्ये माझी कादंबरी होती. ती लाँगबुक मी चार वर्षं सगळीकडे नेत असे. कोणीतरी विचारेल, काय लिहिताय, अशी आशा असायची. कोणी विचारलं नव्हतं. मी मंडपामागे धावलो आणि शबनम धरून उभा राहिलो, एवढंच मला सुचलं.

"कसली वही ती?" मामी किटली खाली ठेवून म्हणाल्या.

"कादंबरी."

"हाताने लिवलेली हाय?"

"हो, पण मामी..."

"आण इकडं."

त्यांनी डफाचं लाल फडकं ओढलं, वही त्यात गुंडाळली, कपाळावरच्या कुंकवाला बोट लावून फडक्यावर टिळा काढला आणि वही माझ्या दोन्ही हातांवर ठेवली. "आता पाय आपटत जाऊ नको. पोथी घेऊन गेल्यासारखा जा."

मी तसा गेलो. वाटेत चार जणांनी पोथीच्या पाया पडण्यासाठी मला थांबवलं.

कुंदाताईंनी ती घेतली, कपाळाला लावली, मांडी घालून मंचावर बसल्या आणि फडक्याचे पदर उभे धरून आत पाहिलं. पहिल्या पानावर नकाशा होता. मी रंगीत पेन्सिलींनी काढलेला. त्यात ईशान्येला 'बुटक्यांचं राज्य' असं लिहिलेलं होतं आणि समुद्रात दोन तोंडांचा मासा. कुंदाताईंची भुवई वर गेली ती वरच राहिली.

त्यांनी बोटाला थुंकी लावून पान उलटलं. मग पुढचं. त्या वाचत होत्या. ढोलकीवाला हळू ठेका धरून होता, पाचशे माणसं माना उंचावून बसली होती, आणि एक बाई माझी कादंबरी वाचत होती. इतक्या लोकांसमोर, इतक्या लक्षपूर्वक माझं लिखाण त्यापूर्वी कोणी वाचलं नव्हतं. नंतरही नाही. पोथी खोटी ठरली तर मामांचा डफ जाणार होता, आणि तरी मला हेच वाटत होतं, की नवव्या प्रकरणातलं चंद्रोदयाचं वर्णन त्यांनी भरभर उलटू नये.

मामा माइकसमोर डफ घेऊन उभे होते. त्यांनी बसायला हवं होतं, पण ग्रंथ उघडा असताना शाहीर बसत नाही. त्यांच्या छातीतली शिट्टी माइकवर ऐकू येत होती. आत जाताना एक, बाहेर येताना एक. कुंदाताईंनी एकदा मान वर करून तिकडे पाहिलं आणि पुन्हा वाचू लागल्या.

शेवटी त्या लिहिलेल्या शेवटच्या पानावर पोचल्या. पुढची साठ पानं कोरी होती. त्यांनी तीही एकेक करून उलटली. मग फडकं नीट गुंडाळलं आणि उठल्या.

"पोथी खरी," त्या माइकवर म्हणाल्या.

मंडपात जल्लोष झाला. त्यांनी हात वर केला.

"खरी, पण अपुरी. अध्याय सतरा आहे. अठरा नाही. कान काढला, समोर ठेवला, गाणं झालं. पुढे काय? कान काय म्हणाला? पानं कोरी आहेत. अपुऱ्या पोथीवर निकाल होत नाही. डफ कोणाचाच उतरायचा नाही. पुढल्या वर्षी, हाच दिवस, हाच सवाल."

बारगोडे पोस्टमास्तरांनी नोंदवही खाली ठेवली. "असा नियम आहे?"

"तात्यांच्या बाडात आहे," कुंदाताई म्हणाल्या.

"बुवा?" बारगोड्यांनी मामांना विचारलं.

"हाय, हाय," मामा म्हणाले. "आमच्या बी बाडात हाय." आणि बसले.

नंतर मी शाळेमागच्या टाकीपाशी तोंड धूत होतो. कुंदाताई तिथे आल्या. पाय धुतले, पदराने तोंड पुसलं आणि पोथी माझ्या हातात दिली.

"मास्तर, पुराणाच्या मागच्या पुठ्ठ्यावर तीसपर्यंत पाढे छापलेत."

"प्राचीन काळी गणित फार पुढे गेलं होतं," मी म्हणालो.

"आणि बुटक्यांचं राज्य?"

यावर मी पुन्हा तोंड धुतलं.

"तुमच्या पाकिटात काय आहे?" थोड्या वेळाने मी विचारलं. "पंचांकडच्या. खरं उत्तर काय?"

"एस.टी.चं तिकीट."

"म्हणजे?"

"सवाल येताना गाडीत सुचला. तिकिटाच्या मागे लिहिला. उत्तर सुचायच्या आत कोंडशेत आलं." त्यांनी चपला घातल्या. "मला माहीतच नाही ऐकायला कोण होतं ते. म्हणून तर विचारलं. माहीत असलेले दोनशे बारा विचारून जीव विटलाय माझा."

"पण मामा हरले असते, तर ते पाकीट फोडलं असतं."

"मग दोन्ही डफ भिंतीकडे. दोन्ही गावं टीव्ही बघत बसली असती." त्या निघाल्या आणि पुन्हा थांबल्या. "कान काय म्हणाला?"

"माहीत नाही. मी चार वर्षं तिथेच अडकलोय."

"हरकत नाही. मी बघते."

पुढच्या मे महिन्यात त्यांनी बघितलेलं त्या गायल्या.

"एकदा गाउनी झाली सृष्टी, विरली क्षणात सारी
कान म्हणाला, वन्स मोअर! अन् उजाडली दुसरी बारी!"

म्हणजे जग बाईने गायलं खरं, पण ते एका दमात गाऊन संपलं होतं. उद्याचा दिवस उगवला तो कानाने मागितला म्हणून. मंडप पाच मिनिटं शांत होईना. पुरुष उभे राहून ओरडत होते. वर्षभर त्यांना नुसता कान म्हणून जगावं लागलं होतं. मी मात्र खुर्चीवर बसून राहिलो. माझ्या देवीचं गाणं सतराव्या प्रकरणापुढे का सरकत नव्हतं, ते मला देवखोलच्या बाईने दोन ओळींत सांगितलं होतं.

त्या वर्षीही निकाल लागला नाही. पोथीत काहीतरी अपुरं निघालं. समुद्रात मीठ कोणी घातलं, ते नव्हतं. मी मीठ घातलं. तिसऱ्या वर्षी मरण कुठून आलं, ते नव्हतं. चौथ्या वर्षी बुटके आले, आणि लोकांना फार आवडले. माझी महाकादंबरी अशी दर मे महिन्यात ढोलकीवर खर्च होत गेली. पुढे विद्यापीठातून एक अभ्यासक आले. त्यांनी दोन्ही गावांत ध्वनिमुद्रण केलं आणि आदिनाद पुराणाची मूळ प्रत चौदाव्या शतकात हरवली असावी, असा निबंध वाचला. त्या चर्चासत्रात चहापानानंतर आभार मी मानले.

दर वर्षी निकालाच्या वेळी कुंदाताईंना पोथीत भोक सापडे, याचा मला राग येऊ लागला होता. माझ्या रचनेत इतक्या त्रुटी? नवव्या वर्षी मी अध्याय महिनाभर तपासला. प्रारंभ, मध्य, अंत, सगळं बांधून काढलं, कुठे सुईला जागा ठेवली नाही. मामांच्या नातीने तो सुवाच्य अक्षरात उतरवला. सामन्याच्या सकाळी मी तो अभिमानाने कुंदाताईंना दाखवला.

त्यांनी वाचला. "मास्तर, एम.ए. कोणत्या वर्गात झालात?"

"दुसऱ्या."

"वाटलंच." त्यांनी वही परत दिली. "एक पान फाडा."

"का?"

त्यांनी नुसती मान वळवली. व्हरांड्यात मामा खुर्चीवर बसले होते. आता ते बसूनच गात, तेही जबाबाची पहिली ओळ. बाकीचं नाचे म्हणत. मामी त्यांच्या तोंडाशी दम्याचा पंप धरून उभ्या होत्या, आणि मामा एका हाताने पंप ढकलून दुसऱ्या हाताने डफ तापवायला माणसाला हाक मारत होते.

नऊ वर्षं मी त्याला साहित्यिक त्रुटी समजत होतो.

मी एक पान फाडलं. नेमकं चंद्रोदयाचं.

मामा पुढच्या जानेवारीत गेले. पहाटे, झोपेत, गप्प असताना.

मे महिन्यात सामना झाला, कारण निकाल बाकी होता. कोंडशेतच्या बाजूला खुर्चीवर मामांचा डफ ठेवला होता. गादीवर बसायला कोणी तयार नव्हतं. नाच्यांना गळा नव्हता आणि मला तर नव्हताच. करारात शाहीर मेला तर काय, याबद्दल काही नव्हतं. जबाब आला नाही तर डफ भिंतीकडे, एवढंच होतं. देवखोलची माणसं सुतळी घेऊन आली होती, पण ती पिशवीतून बाहेर काढायची त्यांना लाज वाटत होती.

कुंदाताई मंचावर आल्या. केस पांढरे झाले होते. त्यांनी रिकाम्या खुर्चीला नमस्कार केला. न विचारता सामना संपत नाही, म्हणून त्यांनी विचारलं. पहिलाच सवाल. पहिल्याच चालीत. फक्त शेवटची ओळ त्यांना एका दमात म्हणता आली नाही.

"ऐकत होतं कोण समोर, हाच माझा सवाल."

कोणी पाय आपटले नाहीत. बारगोडे पोस्टमास्तर, आता शहाऐंशीचे, पेन उघडून बसले होते. मी वही चाळत होतो. दहा वर्षांचे अध्याय होते, सगळे होते, आणि वाचून दाखवण्यासारखं एक अक्षर सापडत नव्हतं.

"मी," बायकांच्या बाजूने आवाज आला.

मामी उभ्या राहिल्या. हातात किटली होती.

"मी होते ऐकायला. त्रेचाळीस वर्सं. दुसरं कोण ऐकणार होतं त्यास्नी?"

मंडपात कोणी हसलं नाही. कुंदाताईंनी माइक दोन्ही हातांनी धरला. त्यांना काय वाटत होतं ते मला सांगता येणार नाही, पण त्या शाहीर होत्या, आणि नियम मोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. निदान चारचौघांत तरी.

"आधार?" त्यांनी विचारलं.

मामींनी किटली खाली ठेवली. पदर सारला. डाव्या कानातला कापसाचा बोळा काढला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला. मामा जाऊन चार महिने झाले होते. बोळा ताजा होता.

बारगोडे पोस्टमास्तरांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि नोंदवहीत सावकाश लिहिलं, 'आधार मान्य'. देवखोलच्या माणसाने सुतळीची पिशवी पायाने बाकाखाली सारली.

"वन्स मोअर!" मागून कोणीतरी ओरडलं. मग दुसरं कोणी. मग कुंदाताई स्वतः, माइक बाजूला धरून.

मामींनी एकदा मंडपाकडे पाहिलं, बोळा पुन्हा कानात घातला आणि चहा ओतायला लागल्या.